नासलेल्या दुधाचा धनी

तोंडावर तिला सगळे सरयूबेन म्हणायचे आणि पाठ वळली की 'बारोटाची मिरची'. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दुसऱ्याचा तिला जास्त अभिमान होता. शीतल दूध संघाच्या कॉम्प्युटर खात्याची ती प्रमुख. उंचीने बुटकी, आवाजाने खणखणीत, टेबलावर कागद कमी आणि ताकाचा तांब्या कायम. चहा पिणारा माणूस घाईत निर्णय घेतो असं तिचं ठाम मत होतं. ते मत कुठून आलं हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

संघ मोठा. उत्तर गुजरातेतली गावंच्या गावं सकाळ-संध्याकाळ त्याला दूध घालायची. गावोगावी दुधाची मंडळी, म्हणजे सोसायटी, त्या मंडळीचा कारभार बघणारा चिटणीस, ज्याला तिकडे सरळ 'मंत्री' म्हणतात, वजनकाटा, फॅट मोजायचं यंत्र, त्याला जोडलेला कॉम्प्युटर आणि डेअरीची गाडी येईतो दूध थंड ठेवणारा कूलर. बाई किटली ओतते, वजन लागतं, फॅट लागते, चिठ्ठी बाहेर पडते आणि मागची बाई पुढे सरकते. या सगळ्याच्या मागे जी आकड्यांची घडण होती ती सरयूबेनने आपल्या हाताने बसवलेली. गावातले लोक त्या घडणीला नुसतं 'काटा' म्हणायचे.

काट्याच्या घडणीत तिचा एकच कायदा होता. एक गोष्ट एकाच जागी. दूध घालणाऱ्या बाईचं नाव एकाच जागी, गावाचं एकाच जागी, त्या गावावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरचं एकाच जागी. बाकी सगळीकडे नुसते नंबर. सुपरवायझर बदलला की त्या एका खणातलं जुनं नाव पुसायचं आणि नवं घालायचं, की साऱ्या जिल्ह्याला कळतं आता फोन कुणाला करायचा. पहाटे काट्यापुढे बायका उभ्या असतात. घरी चूल पेटायचीय, पोरांना शाळेत धाडायचंय. तीन वर्षांपूर्वी या गावाला कोण सुपरवायझर होता याच्याशी तिथे कुणाला काय देणंघेणं? काट्याला आजचं कळलं की पुरे, पण ते झटक्यात कळलं पाहिजे. आणि कळत होतंच. एवढ्या वर्षांत काट्याने बायकांना ताटकळत ठेवलं नव्हतं.

ठेवलं ते एकदा, रसेंदुभाईंमुळे.

रसेंदुभाई दवे म्हणजे संघाच्या दूध संकलनाचे मॅनेजर. पांढरा सफारी, केसाला तेल, बोलताना डोळे मिटायची सवय. त्यांना एका सकाळी हुक्की आली की मागच्या पाच वर्षांत कुठल्या गावाचं किती दूध नासलं ते एका झटक्यात बघावं. बटण दाबलं. काट्याने बिचाऱ्याने पाच वर्षांच्या ओळी उपसायला सुरुवात केली, आणि तिकडे गावोगावच्या मंडळ्यांत चिठ्ठ्या थांबल्या. बायका किटल्या घेऊन उभ्या. एका म्हातारीने मंत्र्याला विचारलं, "तुझं मशीन मेलं का रे? अग्नी द्यायचा असेल तर उरक बाबा, माझी म्हैस खोळंबलीय."

फोनांचा नुसता भडिमार झाला. रसेंदुभाई उलट सरयूबेनवरच घसरले. "पाच वर्षांचा एक साधा जाब विचारला, तर तुमचं यंत्र आडवं पडतं? कसली घडण म्हणायची ही!"

"भाई," सरयूबेन म्हणाली, "वजन करणाऱ्या माणसाला वजनाच्या वेळी गावाचा इतिहास विचारलात तुम्ही. तो वजन करील की गोष्ट सांगेल? काटा वजनासाठी घडवलाय. गोष्ट ऐकायची तर वेगळी ओसरी बांधा. तिथे निवांत बसा, हवं ते विचारा. पण माझ्या रांगेतल्या बाईच्या वाटेत उभे राहू नका."

रसेंदुभाईंनी डोळे मिटले. पण बोंब संघाच्या प्रमुखांपर्यंत गेली होती, त्यामुळे ओसरी मंजूर झाली. कागदोपत्री तिचं नाव डेटा वेअरहाऊस. संघात सगळे म्हणू लागले 'कोठार'.

कोठार बांधायला अहमदाबादची एक कंपनी आली आणि कंपनीबरोबर मिहीर नावाचा हुशार, हसरा, पायात पांढरे बूट घातलेला तरुण. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काही नाही बेन, काट्यात जे आहे ते जसंच्या तसं इकडे ओतायचं. झालं कोठार."

"ओतायचं?" सरयूबेनने तांब्या खाली ठेवला. "अरे, दुकानाचा गल्ला उचलून माळ्यावर ठेवला म्हणून त्याचं कोठार होतं का? काट्याला विचारतात, 'आत्ता काय?' कोठाराला विचारतात, 'तेव्हा काय झालं होतं, आणि का?' प्रश्न वेगळा, तर घडण वेगळी. इथे दुधाच्या एका ओळीत सगळं पुन्हा लिही. बाई कोण, गाव कुठलं, त्या दिवशी सुपरवायझर कोण, कूलरचं तापमान किती, गाडी किती वाजता आली. काट्याला कूलरची खबर नाही, कूलरला गाडीची नाही. तिघं एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाहीत. कोठारात तिघांना एका पंगतीला बसवायचं."

"प्रत्येक ओळीत तेच तेच नाव? कॉलेजात आम्हाला हे पाप म्हणून शिकवलंय."

"काट्यात ते पापच आहे. तिथे एक नाव दहा जागी लिहिलं, तर बदलताना नऊ जागी बदलेल आणि दहाव्या जागी राहील. पण कोठारात बदलायचंच नाहीये काही. जे झालं ते झालं. तिथलं पाप इथे पुण्य आहे, बाळा. आणि सुपरवायझर बदलला तर जुनं नाव पुसायचं नाही. जुन्यासमोर लिहायचं, अमक्या दिवसापर्यंत. खाली नवी ओळ, अमक्या दिवसापासून. कळलं?"

मिहीरला कळलं. पोरगा मुळात शहाणा होता. पण रसेंदुभाईंना घाई होती. संचालकांच्या सभेत कोठाराचा नमुना दाखवायचा म्हणून त्यांनी मिहीरला परस्पर गाठलं आणि काट्यातलं सगळं जसंच्या तसं ओतून घेतलं. नमुन्यात पहिलाच तक्ता होता, 'सुपरवायझरवार नासलेलं दूध, मागची पाच वर्षं'. सगळ्यात खालच्या सुपरवायझरला सभेत घरी बसवायचं, असंही ठरलं.

सगळ्यात खाली नाव होतं मेनाबेन चौधरीचं.

दुसऱ्या दिवशी मेनाबेन सरयूबेनच्या खोलीत आली ती हेल्मेट हातात घेऊनच. संघातली ती पहिली बाई सुपरवायझर. गोठ्यात वाढलेली, नवऱ्यामागे दोन पोरींना शिकवणारी, स्कूटरवरून वेणपुरा पट्ट्यातली गावं पालथी घालणारी. वेणपुरा पट्टा म्हणजे संघाची डोकेदुखी. तिथलं दूध डेअरीच्या दारात पोचायचं तेव्हा झाकण उघडून वास घेणारा माणूस आधीच नाक मुरडून उभा असायचा.

"बेन, मला एक सांगा," मेनाबेन उभ्यानेच म्हणाली. "मला त्या पट्ट्यात जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. पाच वर्षांचं नासलेलं दूध माझ्या पदरात कसं?"

"बस आधी. ताक घे."

"ताक नको. दूध फाटलं त्याचंच ताक पाजताय का?"

सरयूबेन हसली नाही. तिने तक्ता बघितला आणि तिच्या कपाळाची शीर उठली. काय झालं ते तिला एका नजरेत कळलं. काट्यातल्या त्या एका खणात आज मेनाबेनचं नाव होतं. नमुन्याने पाच वर्षांच्या प्रत्येक ओळीला त्या खणातलं आजचं नाव चिकटवलं. ज्या दिवशी मेनाबेन अजून शेजारच्या पट्ट्यात वासरांना टॅग मारत होती, त्या दिवशीचं दूधही तिनेच नासवलं होतं म्हणे! आधीची बहुतेक वर्षं जो तिथे होता, त्याचं नाव बदलीच्या दिवशी पुसलं गेलेलं. तो कोण हे साऱ्या संघाला माहीत होतं. चिराग, रसेंदुभाईंच्या बायकोचा भाचा. बढती घेऊन आता तो मुख्य कार्यालयात बसत होता, आणि तेही गुणवत्ता खात्यात. घ्या!

सरयूबेन तडक रसेंदुभाईंकडे गेली.

"नमुना चुकीचा आहे, भाई. कोठारात त्या त्या दिवसाचा माणूस दिसला पाहिजे."

"कशाला गुंता?" रसेंदुभाईंनी डोळे मिटले. "गाव आज मेनाबेनचं, तर गावाचं दूधही मेनाबेनचं. एक गाव, एक नाव. तुम्हीच म्हणता ना, एक गोष्ट एकाच जागी?"

"ते काट्यासाठी. आज गाडी अडली तर आजच्या माणसाला फोन जायला हवा म्हणून. पाच वर्षांमागचा गुन्हा आजच्या माणसाच्या गळ्यात घालायला नाही बांधलं मी ते."

"गुन्हा! किती मोठे शब्द." त्यांनी एक डोळा उघडला. "बरं, जुन्या बदल्यांचे हुकूम आणा, मग बघू."

हुकूम त्यांच्याच खात्यात असायला हवे होते. मागितले तर उत्तर मिळालं की फाईल सापडत नाही. आठवड्याने विचारलं तर शोध चालू आहे. त्यानंतर शोधणाराच रजेवर गेला. संघात एखादी फाईल सापडायची नसली की ती काशीला जाऊन बसली असं म्हणतात. ही फाईल काशीच्याही पुढे गेली होती.

"आणि सरयूबेन," निघताना रसेंदुभाई म्हणाले, "तुमची निवृत्ती जवळ आली. आता कशाला त्रागा? बारोटांना फार सवय त्रागा करायची."

हे बोलायला नको होतं त्यांनी.

सरयूबेनचे वडील करसनदास वहीवंचा बारोट होते. म्हणजे यजमानांच्या गावी जाऊन त्यांच्या कुळाच्या पिढ्या वाचून दाखवणारे. काही वर्षांनी एकदा गावात जायचं, चौकात खाट टाकायची, कुळातले सगळे गोळा व्हायचे, गूळ वाटला जायचा, आणि मग खापरपणज्यापासून वाचायला सुरुवात. नवे जन्मलेले पुढे लिहून घ्यायचे. कुणी मेला, कुणी भांडून कच्छात निघून गेला, कुणी दुसरा घरोबा केला, तरी नाव खोडायचं नाही. शेजारी लिहायचं काय झालं ते. आणि प्रत्येक नाव सगळ्यांसमोर मोठ्याने विचारून लिहायचं, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की बारोटाने मनचं घातलं. करसनदास म्हणायचे, "खोडणारा बारोट आणि पाणी घालणारा गवळी, या दोघांना गावात मुक्कामाला खाट मिळत नाही." याच बारोटांचे पूर्वज राजाने दिलेला शब्द मोडला तर त्याच्या दारात अंगावर सुरी चालवून घ्यायचे. त्यालाच त्रागा म्हणतात. सरयूबेनने सुरी कधी भाजीवरही धड चालवली नव्हती, पण रक्त तेच होतं.

"फाईल नाही ना? नसू दे," ती मेनाबेनला म्हणाली. "काढ स्कूटर."

दोघी वेणपुऱ्यात संध्याकाळच्या दुधाच्या वेळी पोचल्या. मंडळीच्या ओट्यावर खाट मागवली. सरयूबेन खाटेवर बसली, मांडीवर लॅपटॉप, आणि तिने वडिलांच्या सुरात हाक दिली, "या गं या! किटली ओता आणि इथे या. गावाला विचारायचंय."

बायका जमल्या. पुरुष लांबून बघायला लागले. मंत्री दारात घुटमळला.

"मेनाबेनच्या आधी तुमच्याकडे सुपरवायझर कोण?"

"चिरागभाई," तिघी-चौघी एकदम म्हणाल्या. एक काटकुळी म्हातारी, जीवीबा तिचं नाव, पुढे म्हणाली, "आला तर आला. त्याची गाडी आमच्या फाट्यावर वळायची आणि सासुरवाडीला जायची. कूलर बंद पडला तर फोन कर, फोन कर. फोन उचलतोय कोण?"

"कधीपासून होता?"

तारीख कुणाला सांगता येईना. पण गावाची स्मरणशक्ती तारखेवर चालत नाही. जीवीबाच म्हणाली, "माझी कंकू सून होऊन आली त्या उन्हाळ्यात." दुसरी म्हणाली, "पुरात मंडळीची भिंत पडली, तेव्हा तो होता. भिंत बघायला आला आणि फोटो काढून गेला." तिसरीने तिला टोकलं, "नाही गं, मधल्या एका पावसाळ्यात गणपतभाई होते. ते रोज यायचे. त्या पावसाळ्यात दूध नासलं नाही." मग खात्री झाली. लग्नाची तारीख पत्रिकेवरून, पुराची सगळ्या जिल्ह्याला पाठ. सरयूबेन प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची, "चिराग, कंकूच्या लग्नापासून पुराच्या वर्षापर्यंत. मग गणपतभाई, एक पावसाळा. मग पुन्हा चिराग, मेनाबेन येईतो. बरोबर?" आणि ओट्यावरून आवाज यायचा, "बरोबर!"

"आणि मेनाबेन आल्यावर?" सरयूबेनने विचारलं.

"पहिले काही आठवडे दूध नासतच होतं," कंकू हळूच म्हणाली. "मग तिने लाईट गेल्यावर कूलर चालवणारा जनरेटर दुरुस्त करून घेतला. तेव्हापासून नाही."

मेनाबेनने तोंड वाकडं केलं. "बेन, तेही लिहिणार?"

"तेही लिहिणार. मी तुझी वकील नाही."

 मेनाबेन नाक उडवून म्हणाली, "लिहा. जे माझं ते माझं."

निघताना जीवीबाने सरयूबेनचा हात धरला. "बाई, दूध नासलं की वरून हुकूम यायचा, तुमच्या किटल्या घाण, तुमच्या बायकांना धुता येत नाही. नासलेलं दूध ओट्यावरच ओतून द्यायचे. कुत्री चाटायची. मी या कंकूला काय काय बोलले त्याला हिशेब नाही. राखेने घासून घासून पोरीच्या बोटांची साल गेली. घाण किटली होती का गं खरंच?"

"माहीत नाही, जीवीबा," सरयूबेन म्हणाली. "पण कळेल."

पट्ट्यातल्या प्रत्येक गावात असंच झालं. कुठे रोटला-कढी खाऊन, कुठे नुसतं पाणी पिऊन. एका गावात चिरागचे सासरेच उठून उभे राहिले आणि म्हणाले, "लिही गं पोरी. जावई माझा असला तरी दूध गावाचं आहे." सरयूबेनला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण तो वयाने मोठा असला तरी साक्षीदार होता, म्हणून तिने नुसती ओळ वाचून दाखवली.

मग ती आणि मिहीर बसले. पांढऱ्या बुटांचा पोरगा आता तिच्या बाजूने होता. आधी ज्याने ओतलं होतं त्यानेच सगळं उपसून टाकलं. दुधाच्या ओळीला त्या दिवशीचा सुपरवायझर लागला, त्या दिवशीचं कूलरचं तापमान लागलं, गाडीची वेळ लागली. आणि पहिल्यांदाच काटा, कूलर आणि गाडी तिघं एका पंगतीला बसले. तक्ता बाहेर आला तेव्हा मिहीरने तो पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासला. ज्या ज्या दिवशी वेणपुऱ्याचं दूध नासलं होतं, त्या त्या दिवशी कूलर तापलेला होता. एकही दिवस सुटला नव्हता. किटल्यांचा काही संबंधच नव्हता.

"आई गं," मिहीर म्हणाला. एवढंच.

सभा संघाच्या मोठ्या खोलीत भरली. मधोमध प्रमुख वालाभाई देसाई, जातीने रबारी, पांढऱ्या पागोट्याचा, शाळेपेक्षा गुरांमागे जास्त फिरलेला, पण आकडा समोर आला की न चुकता खोटा ओळखणारा. बाजूला संचालक. भिंतीला टेकून चिराग. आणि जिचा निकाल लागायचा त्या मेनाबेनला दाराजवळ खुर्ची दिलेली. रसेंदुभाईंनी आपला जुना नमुना पडद्यावर लावला. मेनाबेन, सगळ्यात खाली.

"आता माझा लावा," सरयूबेन म्हणाली.

"त्याची गरज नाही—"

"लाव रे मिहीर."

पडदा बदलला. वेणपुरा पट्टा, वर्ष वर्ष, महिना महिना. नासलेल्या दुधासमोर नाव चिराग. मध्ये एका पावसाळ्यात गणपतभाई, आणि त्या पावसाळ्यात जवळजवळ काहीच नासलेलं नाही. शेवटी मेनाबेन, पहिल्या आठवड्यांत थोडं, मग स्वच्छ. प्रत्येक नासलेल्या दिवसाशेजारी कूलरचा आकडा.

चिरागचा चेहरा उतरला. रसेंदुभाईंचे दोन्ही डोळे उघडले. "या तारखा कुठून आणल्या? ओट्यावरच्या गप्पा आहेत या! बायकांनी सांगितलं आणि यांनी लिहिलं!"

"हो, बायकांनी सांगितलं," सरयूबेनने आवाज चढवला. "ज्यांचं दूध ओतून दिलं त्यांनी सांगितलं. भर चौकात सांगितलं. चिरागच्या सासऱ्यांनी सांगितलं. कुणी सांगितलं तेही मी कोठारात त्या त्या ओळीला लिहून ठेवलंय. तुमची फाईल आणा, ताडून बघू. आणा ना! आहे का?"

संचालकांत कुजबूज झाली. वालाभाई पागोट्याखालून नुसते बघत होते. तेवढ्यात एक गोड बोलणारे संचालक उठले. संघात भांडण मिटवायला त्यांनाच पुढे करायचे. म्हणाले, "कशाला ताणता? मेनाबेनची नोकरी कायम राहू द्या. ती चांगलं काम करतेय, दिसतंच आहे. पण जुन्या वर्षांत कुणाचं नाव नको. तिथे आपण 'इतर' लिहू. साप मरेल आणि लाठीही तुटणार नाही. काय सरयूबेन?"

खोलीत सुटकेचा निःश्वास पडला. रसेंदुभाईंनी पुन्हा डोळे मिटले. सरयूबेन 'नाही' म्हणायला उठली आणि पुन्हा बसली. कारण ज्या बाईसाठी ती भांडत होती ती बाई वाचली होती. दोन पोरींच्या फिया वाचल्या होत्या. पुढचं भांडण तिच्या जिवावर करायचा सरयूबेनला काय हक्क? तिने मेनाबेनकडे बघितलं. 'तू सांग' असं त्या बघण्यात होतं.

मेनाबेन खुर्चीवरून उठली. हेल्मेट खुर्चीत ठेवलं.

"इतर म्हणजे कोण, साहेब?" तिने विचारलं. "दूध आपोआप नासलं? की बायकांनी नासवलं? कारण तुम्ही 'इतर' लिहिलंत, तर वेणपुऱ्यात त्याचा अर्थ एकच होतो. घाण किटल्या. एवढी वर्षं तेच सांगितलंय त्यांना. सुना सासवांचा मार खाताहेत त्यापायी. आणि कूलर बंद होता. बंद कुणी ठेवला त्याला नाव आहे. मला नोकरी नको 'इतर'च्या बदल्यात. माझी काढायची तर काढा, पण ते नाव लिहिल्याशिवाय मी या दारातून जात नाही."

"मर्यादा ठेवा," रसेंदुभाई गरजले. "सरयूबेन, या ओळी आत्ताच्या आत्ता पुसा. हा माझा हुकूम आहे."

"माझ्या हाताने नाही," सरयूबेन म्हणाली. आता तिचा आवाज शांत होता. "माझी बदली करा, घरी बसवा, काय वाटेल ते करा. ही घ्या किल्ली." तिने पासवर्डची चिठ्ठी टेबलावर सरकवली. "पुसायचं तर तुम्ही पुसा. पण एक सांगते. कोठाराची घडण अशी आहे की त्यात पुसलेलंही लिहिलं जातं. कुणी पुसलं, कधी पुसलं, आधी काय होतं. तुमचं नाव चिरागच्या नावाशेजारी बसेल. कायमचं."

वालाभाई पहिल्यांदा बोलले. "रसेंदुभाई, जा. पुसा. आम्ही सगळे समोर बसलोय."

रसेंदुभाई उठले. मिहीरने खुर्ची रिकामी करून दिली. रसेंदुभाईंनी माऊसवर हात ठेवला. पडद्यावर एक चौकट उघडली, आणि तिने त्यांचं नाव विचारलं.  रसेंदुभाईंनी चिरागकडे बघितलं. चिराग खाली बघत होता. मग त्यांनी हात काढून घेतला, सफारीला पुसला, आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

"नाव राहील," वालाभाई म्हणाले. "आणि हा तक्ता वेणपुऱ्याच्या ओट्यावर वाचला जाईल. चिराग, तू जायचं वाचायला. बायकांसमोर. मोठ्याने."

पुढे सरयूबेनची पशुखाद्याच्या कारखान्यात बदली झाली, ती गोष्ट वेगळी, आणि तिला त्याचं यत्किंचितही वाईट वाटलं नाही. त्या दिवशी मात्र सभा उठायच्या आधीच मेनाबेनने हेल्मेट उचललं.

"कुठे निघालीस?" सरयूबेनने विचारलं. "थांब, मिठाई येतेय."

"संध्याकाळची गाडी भरायची आहे, बेन. आज लाईट जाणार म्हणतात तिकडे." मेनाबेन दारातून वळली, आणि साऱ्या संचालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्या माझ्या पट्ट्यात थेंबभर दूध नासलं तर माझंच नाव लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."